घरीच तर असता, मग मदतनीस कशाला?



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल, फौजेतून निवृत्त झालेला माणूस लहान मुलांच्या सांभाळाबद्दल काय बोलणार? पण नोकरीच्या काळात मी जितक्या छावण्यांमध्ये राहिलो, तिथे एक चित्र नेहमी दिसायचं. नवरा सीमेवर, आणि बायको क्वार्टरमध्ये एक-दोन लहान मुलांना घेऊन एकटी. सासर-माहेर हजार किलोमीटर लांब. आज तीच परिस्थिती हैदराबाद, बेंगळुरू, गुरुग्राम, अहमदाबाद, इंदूर इथे नोकरीनिमित्त गेलेल्या असंख्य मराठी घरांची आहे. छावणीत निदान शेजारीण दार वाजवून यायची. सतराव्या मजल्यावर शेजारी कोण राहतं, हेच कित्येकांना माहीत नसतं.

अशा घरात दोघांपैकी एक जण मुलासाठी नोकरी सोडून घरी राहतो. बहुतेक वेळा आई, पण हल्ली काही घरांत बाबाही. आणि या घरी राहणाऱ्याने "दिवसातून दोन-तीन तास कुणी मदतीला ठेवू या का?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं. "घरीच तर असतेस! मग बाई कशाला?"

आज या प्रश्नाचं सरळ उत्तर शोधू. ही मदत का लागते, कोणत्या प्रकारची घ्यावी, माणूस कसा निवडावा, पैसे कसे ठरवावेत, आणि पैसे नसतील तर काय करावं, असं एकेक बघत जाऊ. दिवसभर पाळणाघरात मूल ठेवण्याबद्दल मी बोलत नाहीये. पालक घरीच आहे, आणि तरीही रोज थोडे तास दुसरे हात हवे आहेत, एवढाच आजचा विषय.

पहारेकऱ्याला बदली का लागते?

फौजेत गार्ड ड्युटीचा एक जुना हिशोब आहे. दोन तास पहारा, चार तास आराम. म्हणजे एक जागा चोवीस तास राखायची तर तीन माणसं लागतात. आता गंमत बघा. हाच जवान पाठीवर ओझं घेऊन रात्रभर डोंगर चढतो, तेव्हा कुणी म्हणत नाही की दोन तासांनी बदल. मग नुसतं उभं राहून बघण्याच्या कामाला बदली का? कारण अंगाआधी लक्ष थकतं. डोळे उघडे असतात, पण समोरचं दिसत नाही. हे फौजेने अनुभवाने शिकलेलं आहे, आणि त्यात कुणाचा कमकुवतपणा कुणी बघत नाही.

रांगणारं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल म्हणजे अशीच राखायची जागा. बाथरूममधली अर्धी भरलेली बादली, बाल्कनीजवळची खुर्ची, जमिनीवर पडलेला शेंगदाणा, चार्जरची वायर. यातल्या कशालाही फार वेळ लागत नाही. आणि या पहाऱ्यावरचं माणूस त्याच वेळी कुकर लावतं, कपडे वाळत घालतं, कुरिअर घेतं. रात्री मूल तीनदा उठलं तर सकाळची ड्युटी झोपेशिवाय सुरू होते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास त्यात घालवतात, असं त्यात निघालं. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. मुलं, वृद्ध, आजारी यांची देखभाल करणाऱ्यांत स्त्रिया १३४ मिनिटं आणि पुरुष ७६ मिनिटं. २०२४च्या पाहणीत घरकामाचा आकडा स्त्रियांसाठी २८९ मिनिटांवर आला. पाच वर्षांत दहा मिनिटं कमी! आणि हे सगळ्या वयाच्या, सगळ्या घरांतल्या लोकांचे सरासरी आकडे आहेत. ज्या घरात दीड वर्षाचं मूल आहे तिथे डाळीला फोडणी देतानाही एक कान पाळण्याकडे असतो. ते लक्ष कोणत्या रकान्यात लिहिणार?

"आम्ही चार-चार वाढवली"

सिकंदराबादला आमच्या वसाहतीत एक तरुण मराठी जोडपं राहतं. मुलगी मूळची सांगलीकडची, इंजिनिअर. मूल झाल्यावर नोकरी सोडली. नवऱ्याला महिन्यातले दहा-बारा दिवस फिरती. बाळ चौदा महिन्यांचं होतं तेव्हा ती म्हणाली, सकाळी तीन तास कुणी तरी हवं. सासूबाई तेव्हा इथे आलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही चार-चार पोरं वाढवली, कधी बाई ठेवली नाही."

माझी पत्नी तिथे बसलेली होती. तिने सहज विचारलं, "काकू, तुमच्या वेळी बाळाला न्हाऊ कोण घालायचं?"

"न्हाणारी यायची की रोज. तीन महिने आली. शेवटी साडी-चोळी दिली तिला."

"आणि दुपारी तुम्ही धुणं करायचात तेव्हा?"

"धाकटी नणंद होती ना. शाळेतून आली की तीच घेऊन बसायची. संध्याकाळी सासरे अंगणात फिरवायचे."

"आणि तुम्ही शेतावर गेलात की?"

"शेजारच्या आत्या." असं म्हणून काकू स्वतःच थांबल्या. मग हसून म्हणाल्या, "मोजायला गेलं तर चार जणं झाली की गं!"

त्या एका संध्याकाळी वाद मिटला. काकूंनीही मुलं एकट्याने वाढवली नव्हती. फक्त ती मदत कुणी मोजत नव्हतं, म्हणून ती मदत वाटत नव्हती. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ-माखू घालायला येणारी बाई ही आपल्याकडची अस्सल अर्धवेळ मदतनीसच. उत्तरेत तिला जापा म्हणतात. आपण ज्या 'आया'ला इंग्रजांची देणगी समजतो, तो शब्दसुद्धा पोर्तुगिजांकडून आला आणि आपल्या भाषांमध्ये मुरला. तेव्हा ही परदेशातून आलेली नवी चैन आहे, हे मनातून काढून टाका.

माझं म्हणणं एवढंच आहे की मूल सांभाळण्याचे तास आकाशातून पडत नाहीत. ते कुणाच्या तरी दिवसातले असतात. म्हणून ते मोजावेत, वाटून घ्यावेत, आणि विकत घेतले तर त्यांचं पूर्ण मोल द्यावं. पुढचं सगळं याच्याच तपशिलात येतं.

आधी सात दिवसांची नोंद

मदत शोधायला निघण्याआधी एक वही घ्या. सात दिवस, सकाळी सहा ते रात्री दहा, तासातासाला कोण काय करत होतं ते लिहा. दोघांनी लिहा. बाळ कधी झोपलं, कधी जेवलं, कधी रडलं, कोण उठलं. आठव्या दिवशी वही उघडली की दोन-तीन अवघड जागा आपोआप दिसतात. कुणाच्या घरी ती सकाळी नऊ ते बारा असते, कुणाच्या घरी संध्याकाळी पाच ते आठ. मदत त्या तासांसाठी घ्या. "दिवसभर कुणी तरी असावं" ही मागणी महाग पडते आणि बऱ्याचदा गरजेची नसते.

मग प्रकार ठरवा. साधारण चार प्रकार आहेत.

पहिला, मदतनीस मुलाला खेळवते, भरवते, आणि आई-बाबा झोपतात, अभ्यास करतात, बँकेत जाऊन येतात किंवा नुसतं शांत बसतात. हो, नुसतं बसणं हेही कारण पुरेसं आहे.

दुसरा, मदतनीस स्वयंपाक-भांडी-कपडे करते आणि पालक मुलाजवळ राहतो. अगदी लहान, अंगावर पिणाऱ्या बाळासाठी हा प्रकार जास्त सोयीचा. अनोळखी हातात बाळ द्यायचं मन होत नसेल तर इथून सुरुवात करावी.

तिसरा, मूलच दोन-तीन तास बाहेर जातं. बालवाडी, खेळगट, अंगणवाडी.

चौथा, अदलाबदल. दोन घरं आलटून पालटून एकमेकांची मुलं सांभाळतात. छावणीत नवरे बाहेर असताना आमच्या बायकांनी हेच केलं. मंगळवारी सकाळी तीन मुलं आमच्या घरी, गुरुवारी शेजारच्या तमिळ कुटुंबाकडे. पैसा लागत नाही, पण वेळ कडक पाळावी लागते. "आज जरा उशीर होईल" हे दोनदा झालं की व्यवस्था मोडते.

माणूस निवडताना

पहिली अट वयाची. चौदा वर्षांखालच्या मुलाला किंवा मुलीला घरकामाला ठेवणं हा गुन्हा आहे. २०१६ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून त्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्हींची तरतूद आहे. "गावाकडची पोर आहे, बाळाशी खेळेल, दोन घास खाईल" असं म्हणून बारा वर्षांच्या मुलीला आणणारी सुशिक्षित घरं मी पाहिली आहेत. कायद्याचं राहू द्या. जिला स्वतःलाच सांभाळायची गरज आहे, तिच्या भरवशावर तान्हं मूल कसं सोडता? अठरा वर्षं पूर्ण झालेलीच व्यक्ती घ्या.

ओळखपत्र आणि पत्ता बघा. पोलीस पडताळणी करून घ्या. जवळच्या ठाण्यात विचारा किंवा राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर बघा. तिला तसं आधी सांगा, म्हणजे अपमान वाटत नाही. ती आधी जिथे काम करत होती त्या घरी फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: "तुम्ही तिला पुन्हा ठेवाल का?" उत्तरापेक्षा उत्तराआधी ते किती वेळ थांबले, त्यावरून जास्त कळतं.

पहिले आठ-दहा दिवस तुम्ही घरात असताना काम सुरू करा. साधारण आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास मुलं अनोळखी माणूस दिसला की रडतात, हे वाढीचंच लक्षण आहे. म्हणून पहिल्या दिवशी मूल तिच्या हातात कोंबून बाहेर पडू नका. तुमच्यासमोर दोघांची ओळख होऊ द्या. तिच्या बोलण्यापेक्षा मुलाकडे बघा. काही दिवसांनी तिची चाहूल लागली की मूल तिच्याकडे झेपावतं की तुमच्या मागे लपतं? अंगावर कारण न कळणारे वळ, एकदम गप्प होणं, तिला बघून घाबरणं, असं काही दिसलं तर वाट न बघता काम थांबवा. गरज वाटली तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

परप्रांतातल्या मराठी घरांची एक वेगळीच काळजी असते. मदतनीस तेलुगू किंवा कन्नड बोलते, मग मुलाचं मराठी बिघडेल का? नाही बिघडत. तुम्ही घरात मराठी बोलत राहा, तिला तिची भाषा बोलू द्या. तिने मोडक्या हिंदीत बोलण्यापेक्षा स्वतःच्या भाषेत गाणी म्हटलेली मुलाला जास्त फायद्याची. फौजी मुलं चार भाषांत भांडत मोठी होतात, कुणाचं काही बिघडलेलं नाही.

ड्युटी सोपवणे

फौजेत एक अधिकारी जातो आणि दुसरा येतो तेव्हा हँडिंग-टेकिंग होतं. काय शिल्लक आहे, काय चालू आहे, काय धोक्याचं आहे, हे सांगितल्याशिवाय कुणी निघत नाही. घरी यासाठी फ्रिजवर एक पाटी पुरते. शेवटचं दूध किती वाजता, झोप किती झाली, औषध दिलं का, ॲलर्जी कशाची, आई-बाबांचे फोन, डॉक्टरांचा फोन, आणि ११२. वाचता येत नसेल तर तोंडी सांगा आणि तिच्याकडून परत म्हणवून घ्या. जाताना तिनेही तुम्हाला तसंच सांगायचं.

सूचना थोड्या असाव्यात. वीस नियम कुणाच्या लक्षात राहत नाहीत. माझ्या मते न मोडण्याचे नियम एवढे पुरेत:

१. बाथरूमचं दार बंद, बादली रिकामी. पाण्याजवळ मूल एक क्षणही एकटं नको.
२. मूल कडेवर असताना गॅसजवळ जायचं नाही. भाजलंच तर जखमेवर वाहतं साधं पाणी धरायचं, वीस मिनिटं. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावायचं नाही.
३. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं लहान मुलाला द्यायची नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही. बाळगुटी, औषध, काढा, विचारल्याशिवाय काही नाही.
४. तान्ह्या बाळाला झोपवताना पाठीवर. कितीही रडलं तरी जोरात हलवायचं नाही. सहनशक्ती संपली तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून दोन मिनिटं बाजूला व्हायचं आणि फोन करायचा. हा नियम आई-बाबांनाही लागू आहे.
५. मुलासमोर मोबाइल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनात दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, असं म्हटलं आहे. पण तुम्हीच जेवताना व्हिडिओ लावत असाल तर हा नियम तिला सांगायचा हक्क उरत नाही.
६. घराबाहेर नेताना विचारायचं. मुलाचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत.

कॅमेरा लावणार असाल तर तिला सांगून लावा. चोरून लावलेला कॅमेरा तिला कळतोच, आणि मग विश्वास जातो.

पैशाचा हिशोब

इथे आपण मध्यमवर्गीय मंडळी फार चलाखी करतो. तेव्हा आकडेच मांडू.

रोज तीन तास, आठवड्याची एक सुट्टी धरून महिन्याचे २६ दिवस. म्हणजे ७८ तास. समजा पगार ठरला ४,००० रुपये. तर तासाला साधारण ५१ रुपये पडले. आता आपल्या राज्याचं किमान वेतन बघा. कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, राजस्थान अशा काही राज्यांनी घरकामासाठी वेगळे दर जाहीर केलेले आहेत. जिथे ते नाहीत तिथे अकुशल कामाचा रोजचा दर घ्या आणि आठने भागा. तुमचा दर त्याच्या खाली असेल तर तो वाढवा. शिवाय तीन तासांच्या कामासाठी ती येण्या-जाण्यात तासभर घालवत असेल, तर तोही तिच्याच दिवसातला तास आहे. मग आणखी एक भागाकार करा. गाडी पुसणाऱ्याला आपण महिन्याला किती देतो आणि तो किती मिनिटं काम करतो? मूल सांभाळणाऱ्या बाईचा दर त्याहून कमी निघाला तर कुणाला काय म्हणायचं?

वेळ, काम, पगार, सुट्ट्या, आजारपणाची रजा, हे एका कागदावर लिहून दोघांकडे ठेवा. मुलासाठी ठेवलेल्या बाईला हळूच भांडी, मग लादी, मग पाहुण्यांचा चहा असं लावू नका. काम वाढलं तर पैसे वाढवा. दिवाळीला आपण पंधरा दिवस गावी गेलो म्हणून तिचा पगार कापायचा नाही. ती यायला तयार होती, दार आपण बंद केलं. तिला बसायला खुर्ची आणि प्यायला आपल्यातलाच पेला द्या. जिच्या हातून मुलाला घास भरवतो तिला वेगळा कप, हे कोणत्या तर्कात बसतं?

आणखी एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा घरकामगार स्त्रियांनाही लागू आहे. तुमचं घर हे तिचं कामाचं ठिकाण आहे. तक्रार जिल्ह्याच्या समितीकडे करता येते. हे तिला माहीत नसेल तर तुम्ही सांगा.

तिचं मूल कोण सांभाळतं?

सांगलीच्या त्या मुलीने शेवटी एक तेलुगू बाई ठेवली. सगळे तिला अक्का म्हणतात. दोन आठवड्यांनी बोलता बोलता कळलं की अक्काचा स्वतःचा धाकटा दीड वर्षाचा आहे, आणि ती कामाला आली की त्याला नऊ वर्षांची बहीण सांभाळते. शाळा बुडवून.

बघा, तासांचा हिशोब इथे येऊन पोहोचला. या घरातल्या आईला मिळालेले तीन तास एका नऊ वर्षांच्या मुलीच्या शाळेतून आले होते.

आपल्या मराठी माणसांना ही गोष्ट नवी नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पुढे १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी जाऊन पाहिलं. कुणी गुरं राखत होतं, कुणी कडेवर भावंड घेऊन फिरत होतं. मग त्यांनी अंगणात बालवाडी नेली, तिची झाली अंगणवाडी. गुरांमागे शाळा नेली, ती कुरणशाळा. आणि कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, म्हणजे धाकटं पाळण्यात आणि थोरलं वर्गात.

अक्काच्या बाबतीत त्या घराने तसंच काहीसं केलं. धाकट्याला सोबत आणायला सांगितलं. शेजारच्यांनी नाकं मुरडली, "आजार येतील." दोन्ही मुलांची लसीकरणाची कार्डं तपासली, संपलं. अर्थात दोन मुलं असताना एकटीचं लक्ष वाटलं जातं, म्हणून आई त्या वेळात घराबाहेर जात नाही. शेजारच्या खोलीत झोपते किंवा अभ्यास करते. थोरली पुन्हा शाळेत जाऊ लागली. सगळ्या घरांत हे जमेल असं नाही. पण काम ठरवताना "तुझं मूल कुणाजवळ असतं?" हा प्रश्न प्रत्येक घरात विचारता येतो, आणि वेळ थोडी मागेपुढे करता येते.

पैसे नसतील तर

एका पगाराच्या घरात चार हजारसुद्धा जड असतात. मग काय?

पहिला उपाय अंगणवाडी. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे रोज काही तास पूर्वशिक्षण मिळतं, उत्पन्नाची अट नाही. मध्यमवर्ग तिकडे फिरकत नाही. एकदा जाऊन तर बघा. सेविका चांगली असेल तर महागड्या खेळगटापेक्षा मूल तिथे जास्त रमतं. केंद्राच्या मिशन शक्तीत 'पाळणा' नावाची योजनाही आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. तुमच्या भागात असं केंद्र आहे का, ते अंगणवाडी सेविकेकडेच विचारा.

दुसरा उपाय वर सांगितलेली अदलाबदल. बहुतेक शहरांत महाराष्ट्र मंडळ असतं. गणपतीला भेटणारी घरं मंगळवारी का भेटू नयेत?

तिसरा उपाय घरातच आहे. नोकरी करणाऱ्या जोडीदाराने रोजचे ठरलेले दोन तास घ्यायचे. "लागेल तेव्हा सांग" याला ड्युटी म्हणत नाहीत. संध्याकाळी सात ते नऊ मूल माझं, असं ठरलं तर समोरच्याला तेवढा वेळ खरोखर मोकळा मिळतो.

आणि चौथे आम्ही, आजी-आजोबा. इथे माझ्या वयाच्या मंडळींची बाजूही मांडतो. आम्हाला नातवंडं हवीच असतात. पण साठीनंतर गुडघे आणि पाठ आठ तास मुलामागे धावत नाहीत. आमचेही तास ठरवा. माझा नातू आमच्याकडे असतो तेव्हा चार ते सहा माझी ड्युटी. सहा वाजता रिलीफ येतो. त्या दोन तासांत मी फोनही घेत नाही, आणि सहानंतर मला कुणी हाक मारत नाही. दोघंही खूश.

मदत पुरत नाही तेव्हा

शेवटचा मुद्दा गंभीर आहे. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं सर्रास आढळतं, आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. तिथे तीन तासांची बाई पुरत नाही. डॉक्टरांकडे जा. असे विचार येत असतील तर त्या माणसाला आणि बाळाला एकटं सोडू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीतही बोलता येतं. घरी राहणाऱ्या बाबांनाही हे लागू आहे. पुरुष बोलत नाहीत, एवढाच फरक.

तर मंडळी, आज एवढंच काम द्यायचं आहे. एक वही घ्या आणि उद्या सकाळी सहापासून लिहायला लागा. सात दिवसांनी दोघं मिळून ती वाचा. पुढचा निर्णय तुमचा. कुणी मदतनीस ठेवेल, कुणी शेजाऱ्याशी बोलेल, कुणी स्वतःची सात ते नऊ ठरवेल. पण वही वाचल्यावर "घरीच तर असतेस" हे वाक्य त्या घरात पुन्हा कुणी बोलणार नाही, याची मला खात्री आहे.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.